धनंजय रामचंद्र गाडगीळ

धनंजय रामचंद्र गाडगीळ (१० एप्रिल १९०१, नाशिक – ३ मे १९७१) हे भारतीय अर्थशास्त्रज्ञ, पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संस्थापक संचालक आणि नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष होते. प्रदेशाचा आर्थिक विकास हा त्यांच्या अभ्यासाचा कायमचा विषय होता. गाव, तालुका, बाजारपेठ, शहर आणि जिल्हा यांच्या प्रत्यक्ष पाहणीतून अर्थव्यवस्था समजून घेण्याची परंपरा त्यांनी महाराष्ट्रात रुजवली. राज्यांना मिळणाऱ्या केंद्रीय योजना-साहाय्याची वाटणी ठरवणारे "गाडगीळ सूत्र" त्यांच्याच नावाने ओळखले जाते. स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांमुळे आज त्यांचे नाव बहुतेकांना या सूत्रापुरतेच ठाऊक असते. त्यांच्या चाळीस वर्षांच्या संशोधनाचा मोठा भाग मात्र राज्याहून लहान घटकांविषयी आहे.

जीवन आणि शिक्षण

गाडगीळ यांचा जन्म नाशिक येथे झाला. बालपण व शालेय शिक्षण नागपुरात गेले. नाशिक त्या वेळी मुंबई इलाख्यात होते, तर नागपूर मध्य प्रांतात. मराठी भाषकांची विभागणी वेगवेगळ्या प्रशासनांत झालेली असताना त्यांचे आयुष्य दोन्हीकडे गेले, ही बाब त्यांच्या पुढील संयुक्त महाराष्ट्रविषयक भूमिकेच्या संदर्भात लक्षात घेण्यासारखी आहे.

उच्च शिक्षणासाठी ते केंब्रिज विद्यापीठात गेले. तेथे एम.लिट. पदवीसाठी लिहिलेला प्रबंध १९२४ मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने 'द इंडस्ट्रियल इव्होल्यूशन ऑफ इंडिया इन रीसंट टाइम्स' या नावाने प्रकाशित केला. लेखकाचे वय तेव्हा तेवीस वर्षांचे होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून भारतातील शेती, हस्तव्यवसाय, गिरण्या, मळे आणि शहरे कशी बदलत गेली, याचे विवेचन या ग्रंथात आहे. त्याच्या अनेक सुधारित आवृत्त्या निघाल्या आणि भारतीय आर्थिक इतिहासाचे पाठ्यपुस्तक म्हणून तो काही पिढ्यांनी वाचला. रेल्वेमुळे दुष्काळाचे स्वरूप कसे पालटले, जुनी कारागीर-शहरे का ओसरली आणि नवी व्यापारी गावे कोठे उभी राहिली, हे प्रश्न त्यात वारंवार येतात. हे प्रश्न अर्थशास्त्राइतकेच मानवी भूगोलाचेही आहेत.

मायदेशी परतल्यावर काही काळ मुंबई सरकारच्या सेवेत काढून १९२५ मध्ये ते सुरतेच्या एम. टी. बी. महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. तेथे ते १९३० पर्यंत होते.

गोखले संस्था आणि प्रदेशाच्या पाहण्या

सातारचे रावबहादुर रा. रा. काळे यांनी भारत सेवक समाजाला दिलेल्या देणगीतून ६ जून १९३० रोजी पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्थेची स्थापना झाली. गाडगीळ तिचे पहिले संचालक झाले आणि १९६६ पर्यंत त्या पदावर राहिले. भारतीय विद्यापीठांतील अर्थशास्त्र त्या काळी मुख्यतः इंग्रजी ग्रंथांच्या अध्यापनापुरते होते. भोवतालच्या प्रदेशाची मोजमाप करणारी आकडेवारी सरकारी खात्यांजवळ होती, पण ती महसूल आणि प्रशासन यांच्या गरजेप्रमाणे गोळा केलेली असे. शेतकऱ्याला शेती परवडते का, शहरात येणारा माल कोठून येतो, मजूर कोणत्या गावांतून येतात, यांची उत्तरे तीत नव्हती.

संस्थेने ती उत्तरे स्वतः गोळा करण्यास सुरुवात केली. पहिल्या दशकातील विषयांवर नजर टाकली तरी दृष्टी कळते. १९३३ मध्ये पुण्यातील फळांच्या विक्रीव्यवस्थेची पाहणी प्रसिद्ध झाली. १९३५ मध्ये मुंबई इलाख्यातील सहा जिल्ह्यांतील मोटार-बस वाहतुकीची पाहणी आली. ती गाडगीळ आणि ल. वि. गोगटे यांची होती. त्यानंतर १९४० मध्ये वाई तालुक्यातील शेतीव्यवसायाची पाहणी प्रकाशित झाली.

यांतील मोटार-बस वाहतुकीच्या पाहणीचा विषय आज किरकोळ वाटण्याचा संभव आहे. परंतु खासगी मोटारमालक कोणत्या रस्त्यांवर गाड्या चालवतात आणि कोणती गावे वगळतात, यावरून तालुक्यातील कोणते गाव बाजाराशी जोडले गेले व कोणते तुटक राहिले, हे ठरत होते. त्या वेळी १९३९ चा मोटार वाहन कायदाही व्हायचा होता. राज्य परिवहनाची पहिली गाडी तर १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर धावली. म्हणजे ज्या जाळ्याने पुढे महाराष्ट्राचा ग्रामीण भाग बांधला गेला, त्याच्या आधीच्या अवस्थेची नोंद या पाहणीत आहे.

संस्थेचे सर्वांत परिचित काम पुणे शहराचे आहे. 'पूना : अ सोशिओ-इकॉनॉमिक सर्व्हे' हा अहवाल १९४५ आणि १९५२ अशा दोन भागांत प्रसिद्ध झाला. निवडलेल्या कुटुंबांना भेटून त्यांचे उत्पन्न, व्यवसाय, घर, कर्ज, शिक्षण आणि स्थलांतर यांची माहिती घेण्यात आली होती. काही वर्षांनी नी. वि. सोवनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच शहराची फेरपाहणी केली. ती १९५६ मध्ये प्रकाशित झाली. एकाच शहराचे दोन काळांतील चित्र अशा रीतीने शेजारी ठेवता येणे ही त्या वेळच्या भारतात दुर्मीळ गोष्ट होती. सोलापूर शहरावरील अभ्यास १९६५ मध्ये आला.

१९५१ मध्ये सुरू झालेल्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीच्या मार्गदर्शक समितीत गाडगीळ सदस्य होते. समितीचे अध्यक्ष अ. दि. गोरवाला होते. ७५ जिल्ह्यांतील ६०० गावांत ही पाहणी झाली. शेतकऱ्यांनी घेतलेल्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम ३.१ टक्के असल्याचे तीतून पुढे आले. सुमारे ७० टक्के कर्ज सावकारांकडून आलेले होते. सहकारी कायद्याला तोवर जवळजवळ अर्धशतक झाले होते. १९५४ च्या अहवालाने सहकार अपयशी ठरल्याचे मान्य केले आणि त्याच वेळी सहकार यशस्वी करण्यावाचून गत्यंतर नाही, असाही निष्कर्ष काढला. शासनाने सहकारी संस्थांचे भागभांडवल घ्यावे, ही शिफारस त्याच अहवालातील आहे. पुढील काळात सहकारात सरकारचा जो हस्तक्षेप वाढला, त्याचे मूळ अनेक अभ्यासक याच शिफारशीत शोधतात.

प्रवरेचा सहकारी साखर कारखाना

अहमदनगर जिल्ह्यातील प्रवरा नदीवर १९२६ मध्ये भंडारदरा धरण पूर्ण झाले आणि कालव्यांखाली ऊस वाढला. ऊस शेतकऱ्याचा, पण कारखाने खासगी कंपन्यांचे, अशी त्या भागाची स्थिती होती. पाणी आले तरी त्यातून निर्माण होणारा पैसा त्या प्रदेशात राहत नव्हता. दख्खनच्या कालव्यांवरील बागाईतदारांच्या १९४५ मधील परिषदेत गाडगीळ यांनी शेतकऱ्यांनी स्वतःचा कारखाना सहकारी तत्त्वावर काढावा, असा विचार मांडला. लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील यांनी तो उचलून धरला व गावोगाव फिरून भागभांडवल जमवले. १९५० च्या अखेरीस कारखान्याचा पहिला गळीत हंगाम सुरू झाला.

गाडगीळ सुमारे दशकभर या कारखान्याचे अध्यक्ष होते आणि विखे पाटील उपाध्यक्ष. पुण्यातील एक संशोधक आणि औपचारिक शिक्षण अल्प असलेला शेतकरी यांची ही जोडी महाराष्ट्राच्या सहकारी चळवळीत नंतर पुन्हा क्वचितच दिसली. प्रवरेचा उल्लेख अनेकदा "आशियातील पहिला सहकारी साखर कारखाना" असा केला जातो, तो काटेकोर नाही. आंध्रातील एटिकोप्पाका येथे १९३३ मध्येच असा कारखाना निघाला होता. स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्रात ज्या नमुन्यावर कारखान्यांची मालिका उभी राहिली, तो नमुना मात्र प्रवरेचा होता.

विकासाचे साधन बाहेरून येऊन नफा बाहेर जाऊ नये, तर मालकी त्या प्रदेशातील उत्पादकांकडे असावी, ही त्यामागील भूमिका होती. ती बागाईत पट्ट्यात यशस्वी झाली. कालव्याचे पाणी न पोहोचलेल्या कोरडवाहू आणि डोंगरी भागांना मात्र या नमुन्याचा लाभ होऊ शकला नाही, कारण एकत्र आणण्याजोगे नगदी पीकच तेथे नव्हते.

संघराज्य आणि संयुक्त महाराष्ट्र

'फेडरेटिंग इंडिया' (१९४५) या पुस्तकात गाडगीळ यांनी भारतीय संघराज्याच्या घटकांचा विचार केला. भाषिक प्रदेश हा राज्याचा स्वाभाविक पाया आहे, अशी त्यांची धारणा होती. संयुक्त महाराष्ट्र परिषदेच्या कार्यात ते सहभागी झाले. ८ ऑगस्ट १९४७ च्या अकोला करारावर सही करणाऱ्यांत त्यांचे नाव आहे. पश्चिम महाराष्ट्र व महाविदर्भ असे दोन उपप्रांत, त्यांना स्वतंत्र विधिमंडळे व मंत्रिमंडळे, पण प्रांत एकच, अशी या करारातील योजना होती. ती अमलात आली नाही. मात्र मोठे राज्य हवे असेल तर त्यातील मागे पडलेल्या भागाला आधीच हमी द्यावी लागेल, हे तत्त्व मान्य झाले आणि १९५३ च्या नागपूर करारात ते वेगळ्या रूपात परत आले.

नियोजन आयोग

पंचवार्षिक योजनांचे गाडगीळ समर्थक होते आणि टीकाकारही. मोठ्या उद्योगांचे लक्ष्य ठरवले, पण किमती, अन्नधान्याचे वितरण आणि ग्रामीण रोजगार यांविषयी निश्चित धोरण नाही, असा त्यांचा दुसऱ्या योजनेवरील मुख्य आक्षेप होता. १९५८ मध्ये नियोजन आयोगाच्या कार्यपद्धतीवर लिहिताना, तज्ज्ञ सल्लागार मंडळ असलेला आयोग दैनंदिन शासकीय निर्णयांत गुंतत चालला आहे, असे त्यांनी दाखवून दिले.

१९६६ मध्ये ते राज्यसभेचे नामनियुक्त सदस्य आणि पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १ सप्टेंबर १९६७ रोजी त्यांच्याकडे नियोजन आयोगाचे उपाध्यक्षपद आले. वेळ कठीण होती. लागोपाठ दोन दुष्काळ पडले होते, रुपयाचे अवमूल्यन झाले होते, चौथी योजना लांबणीवर पडली होती आणि १९६७ च्या निवडणुकीनंतर अनेक राज्यांत काँग्रेसेतर सरकारे आली होती. केंद्राकडून कोणत्या राज्याला किती पैसा मिळतो, हा प्रश्न पूर्वी एकाच पक्षातील वाटाघाटींनी सुटत असे. आता त्याला उघड नियमाची गरज भासू लागली.

गाडगीळ सूत्र

राष्ट्रीय विकास परिषदेच्या मान्यतेने चौथ्या योजनेपासून (१९६९–७४) लागू झालेल्या सूत्रानुसार प्रथम आसाम, नागालँड आणि जम्मू-काश्मीर या तीन विशेष राज्यांची गरज बाजूला काढली जाई. उरलेल्या रकमेपैकी ६० टक्के लोकसंख्येच्या प्रमाणात वाटले जात. दरडोई उत्पन्न राष्ट्रीय सरासरीहून कमी असलेल्या राज्यांसाठी १० टक्के, राज्याच्या करप्रयत्नांसाठी १० टक्के, चालू असलेल्या मोठ्या पाटबंधारे व वीजप्रकल्पांसाठी १० टक्के आणि राज्यांच्या खास समस्यांसाठी १० टक्के राखलेले असत. सर्वसाधारण राज्यांना मिळणाऱ्या साहाय्यात ३० टक्के अनुदान आणि ७० टक्के कर्ज असे. विशेष राज्यांना ९० टक्के अनुदान मिळे.

या सूत्राचे बळ त्याच्या साधेपणात होते. लोकसंख्या हा आकडा कोणत्याही मंत्र्याला किंवा अधिकाऱ्याला वाटाघाटीत वाकवता येत नाही. त्यामुळे राज्याला आपला वाटा आधी कळू लागला आणि केंद्राच्या मर्जीचा भाग कमी झाला. उणीवही तेथेच होती. समान लोकसंख्येच्या एका श्रीमंत आणि एका गरीब राज्याला साठ टक्के भागात समान रक्कम मिळे; गरिबीची दखल फक्त दहा टक्क्यांत घेतली जाई. शिवाय कर्जाचे प्रमाण दोघांनाही सारखेच असल्याने व्याजाचा भार गरीब राज्याला अधिक जाणवे. करप्रयत्नांचा निकष शिस्तीसाठी योग्य असला, तरी प्रशासन दुर्बळ असलेल्या राज्यांना तो प्रतिकूल ठरण्याचा संभव होता.

हे आक्षेप पुढील फेरबदलांत दिसतात. १९८० मध्ये पाटबंधारे व वीजप्रकल्पांचा निकष वगळून दरडोई उत्पन्नाचा वाटा २० टक्के करण्यात आला. १९९१ च्या गाडगीळ–मुखर्जी सूत्रात तो २५ टक्के झाला; लोकसंख्येचे ६० टक्के मात्र कायम राहिले. नियोजन आयोगाची जागा १ जानेवारी २०१५ रोजी नीती आयोगाने घेतली आणि चौदाव्या वित्त आयोगाच्या शिफारशींनंतर या पद्धतीने होणारी वाटणी थांबली.

जिल्हा हा घटक

राज्यांमधील वाटणीचे सूत्र ठरत असतानाच राज्यांतर्गत विषमतेचे कामही आयोगात चालू होते. मागास भाग कसे ओळखावेत आणि तेथे उद्योग येण्यासाठी कोणत्या सवलती द्याव्यात, यांवर अनुक्रमे पांडे व वांछू कार्यगटांनी १९६९ मध्ये अहवाल दिले. त्याच वर्षी आयोगाने जिल्हा योजना तयार करण्याची मार्गदर्शक तत्त्वे राज्यांना पाठवली. राष्ट्रीय पतपरिषदेच्या गाडगीळ अभ्यासगटाने बँकांसाठी "क्षेत्रीय दृष्टिकोन" सुचवला. प्रत्येक जिल्ह्यातील पतपुरवठ्याची उणीव मोजावी व ती भरून काढण्याची जबाबदारी निश्चित बँकेवर सोपवावी, असा त्याचा आशय होता. नरिमन समितीच्या शिफारशींनंतर डिसेंबर १९६९ मध्ये रिझर्व्ह बँकेने सुरू केलेली अग्रणी बँक योजना त्यावर आधारलेली आहे. सूत्र इतिहासजमा झाले, पण ही योजना अजून चालू आहे आणि प्रत्येक जिल्ह्याला एक अग्रणी बँक आहे.

जिल्हा हा घटक सोयीचा असला तरी पुरेसा नाही, हे गाडगीळ यांच्या जन्मजिल्ह्यावरूनच स्पष्ट होते. नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेकडील इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ आणि सुरगाणा या भागांत सह्याद्रीमुळे मुबलक पाऊस पडतो. पूर्वेकडील येवला, नांदगाव आणि सिन्नर हे तालुके पर्जन्यछायेत येतात. पण पाऊस जास्त तेथे समृद्धी जास्त, असे चित्र नाही. दारणेसारख्या धरणांत अडवलेले पश्चिमेचे पाणी नांदूर मध्यमेश्वरच्या कालव्यांतून खाली अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील कोपरगावपर्यंत जाते. निफाड व दिंडोरी द्राक्षांसाठी ओळखले जातात. पेठ आणि सुरगाणा या आदिवासी तालुक्यांतील मजूर हंगामात त्याच बागांत कामाला येतात. जिल्ह्याची सरासरी काढली, तर दोन्ही वास्तवे एकाच आकड्यात मिसळून जातात. पाचव्या योजनेपासून आदिवासी उपयोजना स्वतंत्रपणे आखली जाऊ लागली, त्यामागे हीच अडचण होती.

गोखले संस्थेच्या संचालकपदी गाडगीळ यांच्यानंतर आलेले वि. म. दांडेकर यांनी ही मोजणी महाराष्ट्रापुरती पुढे नेली. त्यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने १९८४ मध्ये रस्ते, सिंचन, ग्रामीण विद्युतीकरण, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा अशा नऊ क्षेत्रांत प्रत्येक जिल्हा राज्याच्या सरासरीपेक्षा किती मागे आहे, हे पैशांत मांडले. एकूण अनुशेष ३,१८६.७८ कोटी रुपये निघाला. त्यात विदर्भाचा वाटा सुमारे ३९ टक्के, मराठवाड्याचा २४ टक्के आणि उर्वरित महाराष्ट्राचा ३७ टक्के होता. "अनुशेष" हा शब्द मराठी राजकारणात रूढ झाला तो या अहवालामुळे.

अन्य लेखन

गाडगीळ यांनी भारतातील आधुनिक व्यापारी वर्गाच्या उगमावर (१९५९), आर्थिक धोरण व विकास या विषयावर (१९५५) आणि नियोजनावर (१९६१) पुस्तके लिहिली. 'विमेन इन द वर्किंग फोर्स इन इंडिया' (१९६५) या व्याख्यानांच्या पुस्तकात स्त्रियांच्या श्रमातील सहभागाचा प्रमाणभेद प्रदेशागणिक का पडतो, याची चिकित्सा आहे. भारतात हा विषय तोवर फारसा कोणी हाताळलेला नव्हता. त्यांचे बहुतांश लेखन इंग्रजीत असल्यामुळे ज्या तालुक्यांचा त्यांनी अभ्यास केला, तेथील वाचकांपर्यंत ते पोहोचले नाही.

निधन

मार्च १९७१ च्या लोकसभा निवडणुकीनंतर नियोजन आयोगाची पुनर्रचना झाली आणि गाडगीळ पदमुक्त झाले. ३ मे १९७१ रोजी दिल्लीहून परतत असताना रेल्वेप्रवासात त्यांचे निधन झाले. परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ हे त्यांचे पुत्र आणि मोसमी पावसाच्या अभ्यासक सुलोचना गाडगीळ या स्नुषा होत. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट समितीने २०११ मध्ये सादर केलेल्या अहवालात सह्याद्रीची संवेदनशीलता ठरवताना तालुका हा घटक धरला होता आणि अंतिम सीमा ग्रामसभांशी विचारविनिमय करून ठरवाव्यात, असे सुचवले होते.